'काय जिंकलं?' : धृतराष्ट्राचा प्रश्न



आजचं वाचन सभापर्वातलं, द्यूताचा प्रसंग. हा भाग आपण लहानपणापासून टीव्हीवर पाहिलाय. फासे, शकुनी, द्रौपदी, वस्त्र, सगळं माहीत आहे असं वाटतं. पण या वेळी मी भलत्याच जागी अडकलो.

युधिष्ठिर द्रौपदीला पणाला लावतो, तेव्हा सभेतले म्हातारे धिक्कार करतात. भीष्म, द्रोण, कृप यांना घाम फुटतो. विदुर डोकं धरून बसतो. आणि धृतराष्ट्र? त्याला दिसत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, जिंकलं का? काय जिंकलं? त्याला झालेला आनंद चेहऱ्यावर लपत नव्हता, असं व्यास सांगतात.

मला अंधेरीला उतरायचं होतं, पण जोगेश्वरीलाच पुस्तक मिटून बॅगेत टाकलं.

धृतराष्ट्र म्हणजे बिचारा, हतबल बाप, अशी आपली समजूत असते. मुलगा ऐकत नाही, तो तरी काय करणार! व्यासांनी मात्र त्याला एवढी सूट दिलेली नाही. जरा मागे, आदिपर्वात जा. दुर्योधन अजून पोरगा आहे. प्रमाणकोटीला तो भीमाला जेवणातून विष देतो, वेलींनी बांधतो आणि गंगेत ढकलतो. भीम वाचतो, पण पांडव गप्प राहतात आणि गोष्ट दबते. पुढे लाक्षागृह. तिथे तर वारणावताला जा म्हणून धृतराष्ट्र स्वतःच सांगतो. मग हा द्यूत. विष, आग, सभा. दर वेळी पाऊल आधीपेक्षा मोठं. आणि दुर्योधन एकटा कधीच नसतो. शकुनी, कर्ण, दुःशासन सोबत असतातच.

आपल्याकडे याला 'ग्रुप' म्हणतात. "थांब, पोरं घेऊन येतो" हे वाक्य तुम्ही कॉलेजबाहेर, गरब्याच्या ग्राउंडवर कधीतरी ऐकलंच असेल. आंबोलीत नेमकं तेच झालं होतं. २० ऑक्टोबर २०११, अंधेरी पश्चिम. मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला कीनन आणि रूबेन यांनी अडवलं. तो गेला आणि पोरं घेऊन परत आला. रस्त्यात, लोकांसमोर चाकू चालले. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन त्या महिन्याच्या अखेरीस. मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. ते चौघे सज्ञान होते. पण पोरं गोळा करायची सवय कुणाला अठराव्या वाढदिवशी लागत नाही. पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द आता रोजच्या बातमीतला झालाय, आणि त्यातली कितीतरी मुलं मिसरूडही न फुटलेली असतात.

कल्याणीनगरची गोष्ट गँगची नाही, गाडीची आहे, तरी ती इथे आठवते. १९ मे २०२४, सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन तरुण इंजिनियर जागीच गेले. तीनशे शब्दांच्या निबंधावरचे मीम्स आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. मला मात्र त्या केसमधला पोलिसांचा दुसरा आरोप विसरता येत नाही. दारू सापडू नये म्हणून तपासणीला मुलाच्या रक्ताच्या जागी त्याच्या आईचं रक्त ठेवलं गेलं, असा तो आरोप आहे. निकाल कोर्ट देईल. पण आईने रक्त द्यायचं ते कशासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

कायदाही घरापर्यंत येतो, हे फार जणांना माहीत नसतं. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल पकडलं गेलं की पोलिसांनी आईवडिलांना कळवायचं आणि त्यांनी मंडळासमोर हजर राहायचं. मंडळ पालकांना दंड करू शकतं. मुलाच्या चांगल्या वागणुकीचा बाँड त्यांच्याकडून लिहून घेऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, त्याला त्यांच्या ताब्यात देऊ शकतं. आणि सोळा ते अठरामधल्या मुलाचा गुन्हा अतिगंभीर असेल, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो.

आता मी पुस्तक का मिटलं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या ग्रुपने बिल्डिंगमागे एका मुलाला मारलं. डोक्याला चार टाके पडले. संध्याकाळी त्याचे बाबा आमच्या दारात आले. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. आई म्हणाली, "आमचा तसा नाही हो, तो घरीच होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो काका, आम्ही मॅच बघत होतो." त्याच्या टीशर्टवरचा डाग मीच दुपारी धुतला होता. दार लागल्यावर धाकटा हसला, आणि खरं सांगू? मलाही सुटल्यासारखं, थोडं जिंकल्यासारखंच वाटलं होतं.

मागच्या महिन्यात त्याच्या सॅकमध्ये फायटर सापडला. लोखंडी, चार बोटांचा. मी ओरडायला लागलो, तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, टेन्शन नको घेऊस. काही झालंच तर तू आहेस ना. मॅच बघत होतो म्हणून सांग."

मी बाप नाही. तुमच्यातलेही बहुतेक कुणी अजून नाहीत. पण बाबा शिफ्टला, आई आठच्या लोकलला. घरात मोठा उरतो तो मीच.

रविवारी त्याला घेऊन मी त्या काकांकडे गेलो. आमच्यापासून तीन बिल्डिंगी सोडून. त्या दिवशी आम्ही खोटं बोललो, असं सांगितलं. काकांनी 'बसा' म्हटलं नाही. काकूंनी आतून त्या मुलाला बोलावलं. त्याने केस बाजूला करून खूण दाखवली आणि परत आत गेला. माझा भाऊ खाली बघत उभा होता. जिन्यात म्हणाला, "मला वाटलं, एवढं काही लागलं नव्हतं." फायटर पोलिसांकडे द्यायचा की नाही, यावर घरात अजून भांडण चालू आहे. आई माझ्याशी नीट बोलत नाही. घरातलं घरात राहू द्यायचं होतं, म्हणते.

उद्याचं वाचन अनुद्यूत. पांडवांना परत खेळायला बोलावतात तेव्हा गांधारी नवऱ्यासमोर उभी राहते आणि या मुलाला टाक म्हणून सांगते. धृतराष्ट्र म्हणतो, मला त्याला अडवता येत नाही. आईला हे वाचून दाखवायचं का, ते मी अजून ठरवलेलं नाही.