मोटार विकणारा स्वतः कोणती मोटार चालवितो?

गतवर्षी दिवाळीच्या आधी आमच्या घरात मोटार घेण्याचा विषय निघाला. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. तांदूळ मुठीत घेतला की त्याची जात आणि ओल सांगू. मोटारीतले मात्र आम्हांस काहीच कळत नाही. ज्या मालाची पारख नाही तो घेताना विकणाऱ्याची पारख करावी, एवढे पेढीवर बसून शिकलो आहोत. म्हणून बेळगावातील एका विक्रीदालनात गाडी दाखविणाऱ्या तरुणास आम्ही विचारले, “तुम्ही स्वतः कोणती गाडी चालविता?” आमच्या चिरंजिवांस हा प्रश्न फारच गावंढळ वाटला. तो तरुण मात्र हसून म्हणाला, “अण्णा, माझ्याकडे मोटारसायकल आहे. तिचेच हप्ते अजून फिटायचे आहेत.”

त्या उत्तराने आम्ही विचारात पडलो, आणि पुढे काही दिवस या विषयाची माहिती मिळेल तेथून गोळा केली. ती सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत मोटारविक्रेत्याकडील नोकर पुष्कळदा मालकाच्याच नव्या गाडीतून घरी जाताना दिसतो. पाहणाऱ्यास वाटावे की याला आपल्या मालाचा केवढा अभिमान! परंतु त्यामागे व्यवहार आहे. तेथील १९८४ च्या कायद्याने पूर्णवेळ विक्रेत्यास मिळणारी अशी प्रात्यक्षिकाची गाडी काही अटींवर प्राप्तिकरातून मुक्त ठेवली. गाडी मुख्यतः विक्रीच्या कामासाठी आणि दुकानाच्या ठराविक परिसरातच फिरवावी, घरच्या माणसांनी ती चालवू नये, सुटीच्या सहलीस नेऊ नये, इतकेच काय, तिच्यात आपले खाजगी सामानही ठेवू नये, अशा त्या अटी आहेत. म्हणजे ती गाडी त्याची नव्हे. आपला दलाल खिशात धान्याची पुडी घेऊन हिंडतो, तशी ती चार चाकांवरची वानगी होय.

जर्मनीत निराळी रीत आहे. तेथील मोटार कारखान्यांचे कामगार आपल्याच कारखान्याची नवी गाडी सवलतीने घेतात, सुमारे वर्षभर वापरतात आणि विकून पुन्हा नवी घेतात. अशा गाडीस त्या भाषेत ‘यारेसवागेन’, म्हणजे वर्षाची गाडी, असे नावच पडले आहे. मालकाकडून मिळालेल्या अशा सवलतीपैकी वर्षाला १०८० युरोपर्यंतची रक्कम तेथे करमुक्त असते. तेव्हा कारखान्याच्या गावात त्याच कारखान्याच्या गाड्या रस्तोरस्ती दिसल्या, तर त्यावरून मालाचा उत्तमपणा सिद्ध होत नाही. सवलत चांगली आहे, एवढेच सिद्ध होते.

कोठे कोठे धाकही असतो. अमेरिकेतील डिअरबॉर्न येथे फोर्ड कंपनीच्या ट्रक कारखान्याने २००६ साली दाराजवळची गाड्या उभ्या करण्याची जागा आपल्याच समूहाच्या गाड्यांसाठी राखून ठेवली. परक्या कंपनीची गाडी आणणाऱ्या कामगाराने ती दूर लावून चालत यावे! याच कंपनीच्या हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली रोजचा पगार ५ डॉलर केला, तो कामगारांना मोटार घेता यावी म्हणून, अशी कथा सर्वत्र सांगतात. खरे कारण असे की माणसे कामावर टिकतच नव्हती. तरीही १९२५ साली त्यांची सर्वांत स्वस्त गाडी २६० डॉलरवर आली आणि ती बनविणाऱ्याच्या आवाक्यात आली, हे नाकारता येणार नाही. आमच्या त्या तरुणास मात्र ही सोय नाही. तो रोज ज्या गाडीचे दार उघडून दाखवितो, तिची किंमत त्याच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी आहे.

तेव्हा ‘तू वापरतोस काय?’ या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. ‘का वापरीत नाहीस?’ हेही विचारावे लागते. आपल्यातीलच काही बंधू कांदा-बटाट्याची आडत करतात आणि त्यांच्या घरी कंदमूळ शिजत नाही. (तो धंदाच करावा की नाही, हा वाद स्मरणिकेत नको.) म्हणून काय त्यांचा कांदा वाईट ठरतो? ऐपत नाही म्हणून न वापरणारा वेगळा, नियम आहे म्हणून न वापरणारा वेगळा, आणि आतले ठाऊक आहे म्हणून न वापरणारा वेगळा.

हा तिसरा प्रकार आम्ही दुसऱ्याच्या दुकानात पाहिला असे लिहिणे सोपे होते. परंतु तो आमच्याच पेढीत घडला. १९९४ च्या पावसाळ्यात वखारीचे छप्पर गळाले आणि तूरडाळीच्या थप्पीतील खालची पोती भिजली. ती वाळवून, चांगल्या मालात मिसळून आम्ही विकावयास काढली. घरचा डबा मात्र दुसऱ्या थप्पीतून भरविला. खानापूर भागातील एक किरकोळ दुकानदार वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे येत असत. त्यांनी डाळ हुंगली आणि विचारले, “शेठ, तुमच्या घरी हीच शिजते ना?” आम्ही ‘होय’ म्हणालो. पंधरा दिवसांनी ते आले, मागील बाकी पैन् पै चुकती केली, पाणी प्याले आणि माल न घेता गेले. पुन्हा आमच्या पेढीची पायरी चढले नाहीत. त्यानंतर घरचे धान्य विक्रीच्या थप्पीतूनच, हाताला येईल त्या पोत्यातून न्यावे असा नियम केला. घरच्या मंडळींनी कधी खड्यांची तक्रार केली, तर त्या मालाचा भाव आम्ही त्याच दिवशी उतरवितो.

मोटारीसाठी आम्ही त्या दालनात पुन्हा गेलो. या वेळी विचारले, “तुमच्याकडील दुरुस्तीचे मिस्त्री स्वतः घेणार असते तर कोणती घेतली असती?” तरुण क्षणभर घुटमळला, पण आम्हांस मागील कारखान्यात घेऊन गेला. मिस्त्रींनी हात पुसत सांगितले, “अण्णा, गाडी चांगली आहे. पण आपोआप गिअर बदलणारी घेऊ नका, तिची कामे माझ्याकडे फार येतात. मेव्हण्याला मी साधीच घ्यायला लावली.” चिरंजिवांची मर्जी नव्हती, तरी आम्ही साधीच घेतली.