नाराज आणि निघालेले

ठाणे ते डोंबिवली पट्ट्यात राजकीय बातमीदारी करताना पक्षशिस्तीबद्दल जे हाती लागलं, ते असं.

1. व्हीपची तयारी मतासाठी कमी, कोर्टासाठी जास्त असते. महापौर निवडणुकीच्या तोंडावर नगरसेवकाच्या दाराला कुलूप असतं. गटनेत्याची माणसं कागद दारावर डकवतात, शेजाऱ्याला साक्षीला उभं करतात, मोबाइलवर फोटो काढतात. साहेब तेव्हा कुठल्यातरी रिसॉर्टवर. पक्षांतराने पद जातं, हे 1986 च्या राज्याच्या कायद्यापासून त्यांनाही पाठ आहे. फुटणारा तोही हिशेब मांडूनच फुटतो.

2. बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्याकडे बघावं. जून 2021 मध्ये ओवळा-माजिवड्याचे आमदार प्रताप सरनाईक यांनी उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं: भाजपशी जुळवून घ्या. बहुतेकांनी ते त्यांच्यामागे लागलेल्या ईडीच्या खात्यावर टाकलं आणि विषय संपवला. बरोबर वर्षाने, विधान परिषदेच्या मतदानाच्या रात्री, एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला. त्यांचं असं जाहीर पत्र कधी आलं नव्हतं! मग शिवसेना एक, प्रतोद दोन: सुनील प्रभू आणि भरत गोगावले. प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी सांगितलं. तोवर शिंदेंचं नवं सरकार दहा महिन्यांचं झालं होतं.

3. त्याच 2022 च्या फेब्रुवारीत कॅनडात कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी आपला नेता एरिन ओटूल यांना 73 विरुद्ध 45 मतांनी घरी बसवलं. तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. त्या पक्षाने स्वीकारलेल्या नियमात एक पंचमांश खासदारांनी लेखी मागितलं की नेत्यावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. आपल्याकडे ही सोय नाही, म्हणून शिंदेंसोबतच्या आमदारांची डोकी सुरतेनंतर गुवाहाटीच्या हॉटेलात मोजावी लागली.

4. एकटा आमदार सगळ्यात सुखी. 30 नोव्हेंबर 2019 च्या, ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर कल्याण ग्रामीणचे तेव्हाचे आमदार राजू पाटील तटस्थ राहिले. विधानसभेत तेव्हा मनसेचे ते एकटेच, सभागृहात त्यांना व्हीप बजावणारा दुसरा कोणी नव्हताच.

5. शिस्तीचं कौतुक करताना मतदार विसरला जातो. राम कापसे 1989 आणि 1991 मध्ये ठाण्यातून खासदार झाले. 1996 ला भाजपने ती जागा शिवसेनेला सोडली, कापसे सरांनी बंडखोरी केली नाही. जुने कार्यकर्ते हे अभिमानाने सांगतात. मला आदर वाटतो आणि थोडी चीडही येते. दोनदा निवडून देणाऱ्यांना कोणी विचारलं होतं? पण दुसरं टोकही याच शहराने पाहिलंय. 1989 मध्ये शिवसेनेचं महापौरपद निसटलं आणि फुटल्याचा संशय असलेल्या नगरसेवकाचा खून झाला.

6. महासभेत स्वपक्षावर तोंडसुख घेणाऱ्याची बातमी मी आता ‘बंडाच्या पवित्र्यात’ अशी देत नाही. तो अजून भांडतोय, म्हणजे त्याला इथेच राहायचंय. शाखेत यायचा बंद झालेला, वॉर्डाच्या निधीसाठीही ज्याचा फोन येत नाही, त्याच्या घरी मात्र चक्कर टाकतो.