जुन्या जीपचा गिअर बॉक्स : दुरुस्तीची रीत आणि धंद्यातील सचोटी

आपल्या समाजातील बरेच तरुण मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. सटाणा, ताहराबाद, नामपूर, मालेगाव या भागात कुठेही जा, गॅरेजमध्ये आपला कोणी ना कोणी भाऊ पाना घेऊन बसलेला दिसेल. हाताला कसब आहे. मात्र काम क्रमाने करण्याची सवय आणि हिशेब लिहून ठेवण्याची शिस्त या दोन गोष्टींत आपण मागे पडतो. यावेळी आम्ही जुन्या फोर व्हील जीपचा विषय घेतला आहे. शहरातील हौशी मंडळी अशा जीपला चांगला भाव देतात आणि आपल्या डोंगराळ बागलाणात तिचा उपयोग अजून संपलेला नाही. म्हणजे हे काम रोजी देणारे आहे. शर्त एवढीच की ते नीट केले पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पेढी काढली. तिचा मूळ धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. पुढे याच कंपनीने अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीप भारतात जोडायला आणि नंतर बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे ‘उंच बॉनेटची’ म्हणून ओळखली जाणारी जीप म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ साली आली आणि १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही बनत राहिली. म्हणून तिचे सुटे भाग आजही भंगार बाजारात मिळू शकतात.

आमची एक चूक

विषयाला हात घालण्यापूर्वी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मोसम खोऱ्यातील एका डाळिंब बागायतदाराने आपली सीजे-३बी आमच्याकडे आणली. तक्रार अशी : दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर निसटतो. आम्ही बॉक्स खोलला, बेअरिंगे बदलली, पॅकिंगे नवीन घातली, तेल भरले आणि गाडी दिली. सटाण्याच्या सपाट रस्त्यावर फिरवून पाहिली तेव्हा काहीच दोष दिसला नाही.

आठ दिवसांनी शेलबारीच्या उतारावर तोच गिअर पुन्हा निसटला. गाडीत त्यांची मुले होती. गिअर निसटला म्हणजे इंजिनाचा रोध गेला. सगळा भार ब्रेकवर आला आणि ब्रेक तापून ढिले पडले. त्यांनी हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला घातली. अल्लाहच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही.

गाडी परत आली तेव्हा खरे कारण सापडले. बेल हाउसिंगला गिअर बॉक्स धरून ठेवणारे चार बोल्ट असतात. त्यांपैकी एकाचे आटे गेले होते, त्यामुळे बॉक्स किंचित तिरपा बसत होता. शाफ्ट एका रेषेत नसला की दातांवर वाकडा जोर येतो आणि गिअर बाहेर ढकलला जातो. दोष बॉक्सच्या बाहेर होता आणि आम्ही आत शोधत बसलो. दुसऱ्या वेळचे काम आम्ही बिनपैशाने केले. तो पैसा काहीच नव्हता. त्या उतारावर जे घडू शकले असते, ते आठवले की आजही हात थांबतो. पुढे दिलेला क्रम त्या दिवसापासून आम्ही पाळतो.

खोलण्यापूर्वी ऐका

बॉक्स खोलण्याची घाई करू नये. गाडी उभी असताना आणि चालताना आवाज ऐकावा. निम्मा दोष तिथेच कळतो.

१) इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि घरघर येते, क्लच दाबला की ती थांबते. संशय पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर किंवा ले शाफ्टवर घ्यावा.

२) क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो. तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे. त्यासाठी गिअर बॉक्स खोलण्याचे कारण नाही.

३) पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आवाज येतो, टॉपमध्ये कमी होतो. टॉपमध्ये जोर सरळ जातो, ले शाफ्ट नुसता फिरतो. म्हणून ले शाफ्टचे दात आणि त्याच्या बेअरिंगा तपासाव्यात.

४) गिअर टाकताना खरखरते. आधी क्लच पूर्ण सुटतो का ते पाहावे. पेडलचा मोकळा खेळ सुमारे एक इंच असावा.

५) गिअर निसटतो. आधी बाहेरचे पाहावे : बॉक्सचे चारही बोल्ट, इंजिनाचे आणि बॉक्सचे रबर, बेल हाउसिंग. मग वरच्या झाकणातील गोळ्या व स्प्रिंगा. त्यानंतरच आतले दात, वॉशर आणि सिंक्रो.

चालकाची सवयही विचारावी. सीजे-३बीच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. गाडी चालती असताना पहिला गिअर जबरदस्तीने घातला की दातांच्या कडा तुटतात. आजच्या गाड्यांवर शिकलेल्या मुलांना हे माहीत नसते. त्यांना सांगणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

टायर आणि डिफरन्शियल

फोर व्हील गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या धुरीच्या मध्ये डिफरन्शियल नसते. फोर व्हीलचा दांडा टाकला की दोन्ही धुऱ्या एकमेकींशी जखडल्या जातात. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. माती, वाळू, चिखल यांत चाक थोडे घसरते आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, त्यामुळे पीळ ट्रान्सफर केसच्या दातांत साठतो. मग दांडा अडकतो, आणि लोक त्यावर लाथ मारतात. अशा वेळी गाडी थोडी मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो.

पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर असले तर हाच त्रास सरळ रस्त्यावरही होतो. काही गाड्यांत मागचे डिफरन्शियल दुसऱ्या गाडीचे बसवलेले असते आणि पुढचे मूळचेच राहते. दोघांचे दात मोजून गुणोत्तर जुळते का ते पाहिल्याशिवाय फोर व्हील जोडू नये. पॅसेंजर वाहतुकीच्या दिवसांत डिझेल वाचावे म्हणून अनेकांनी पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवला होता. तो परत बसवताना हा दोष हमखास उघडा पडतो.

गुणोत्तर म्हणजे काय, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. सीजे-३बीत पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा लो सुमारे २.४६ आणि धुरीचे गुणोत्तर ५.३८. यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. टॉपमध्ये, साध्या हाय रेंजला, इंजिन पाच-साडेपाच वेळाच फिरते. लो टाकल्यावर छोटे इंजिनही भरलेली गाडी चढावर का ओढते, ते यावरून कळते. आणि त्या वेळी दातांवर किती जोर येतो, तेही कळते.

बॉक्स खोलण्याचा क्रम

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. चासीखाली भक्कम ठोकळे किंवा स्टँड द्यावेत, चाकांना अडण लावावी. बॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून दोन माणसांनाही जड जातात. पोटावर घेऊन उतरवण्याची मर्दुमकी दाखवू नये.

तेल स्वच्छ भांड्यात काढावे आणि त्यात लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला बारीक कीस लागला तर ती साधारण झीज असते. दाताचे तुकडे आले तर गिअर गेला आहे. तेलात पिवळी चमक दिसली तर सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजल्या आहेत. या जीपमध्ये गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे तेल आतल्या वाटेने एकमेकांत जाते. म्हणून दोन्हींचे तेल एकाच वेळी काढावे व भरावे.

ट्रान्सफर केस वेगळी करताना तिच्या मागचे झाकण काढून मेन शाफ्टच्या टोकाचा नट आणि त्यावरचा गिअर आधी काढावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे काही जण घणाने ठोकतात आणि ओतीव घर फोडतात. पुढे ले शाफ्ट आणि रिव्हर्सचा शाफ्ट धरणारी मागची लहान लॉक पट्टी काढावी. ले शाफ्टचा दांडा बाहेर ठोकताना त्याच्या मागोमाग त्याच जाडीचा, पण किंचित आखूड लाकडी दांडा सरकवावा. म्हणजे आतले रोलर जागेवर राहतात. जोडतानाही तोच दांडा कामी येतो. रोलर मोजून कागदावर आकडा लिहावा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. आमच्या उस्तादांच्या काळी खडूने फरशीवर चित्र काढत, हेतू तोच.

सर्व भाग डिझेलने धुऊन, पुसून ओळीने मांडावेत. गिअरच्या दाताचे टोक निमुळते झाले असेल तर तो गिअर पुन्हा निसटणार, तो ठेवू नये. सिंक्रोची रिंग कोनावर दाबून फिरवावी. ती पकडत नसेल तर बदलावी. ले शाफ्टचे वॉशर झिजले असतील तर तो पुढे-मागे खेळतो. तिथे नवीन वॉशर घालावे. सिलेक्टर फोर्क वाकलेला असेल तर ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा. ऑइल सील आणि पॅकिंग जुने वापरू नये.

तेल भरताना ९० नंबरचे, जीएल-४ दर्जाचे घ्यावे. जीएल-५ हे डिफरन्शियलसाठी चांगले, पण त्यातील काही रसायने पितळी रिंगांना खाऊ शकतात.

जोडल्यानंतर चाचणी तीन टप्प्यांत घ्यावी : आधी रिकामी गाडी सपाटीवर, मग रिकामी गाडी चढ-उतारावर, शेवटी भार घालून. गिअर निसटण्याचा दोष उतारावरच दिसतो. ब्रेक पक्के केल्याशिवाय चाचणीला निघू नये. आणि रंग सर्वांत शेवटी. लांबी भरून चकचकीत केलेली, पण ब्रेक-गिअर कच्चे असलेली गाडी म्हणजे सजवलेला धोका.

कागदपत्रे

जुनी जीप विकत घेताना यंत्राआधी कागद पाहावेत. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण होते. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवलेले असेल तर त्याची परवानगी व नोंद हवी. लिलावातील गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद हवेत. आपल्या भागाचे काम मालेगावच्या आरटीओत, एमएच ४१ मध्ये होते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. मात्र अशी गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला गाडी कशासाठी हवी आहे, ते आधी विचारावे.

सचोटी

आता शेवटची आणि मुख्य गोष्ट. गिअर बॉक्सचा आवाज दाबण्याची एक जुनी युक्ती धंद्यात सर्वांना माहीत आहे. तेलात लाकडाचा भुसा घालतात किंवा जाड ग्रीस भरतात. काही दिवस आवाज येत नाही. तोवर गाडी विकली जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा बॉक्स रस्त्यात जाम होतो. आम्हालाही एका दलालाने हे सुचवले होते. आम्ही त्याला शेलबारीचा उतार सांगितला.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. ही घटना आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गिअर बॉक्समधला भुसा म्हणजे हीच ओली रास. फरक एवढाच की ओल्या धान्याने पैसा बुडतो, इथे घाटात माणसाचा जीव जाऊ शकतो.

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला कामाचा अंदाज लिहून देतो. बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत देतो. जो दोष खर्चाअभावी ठेवावा लागला, तो बिलावर लिहितो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची सूचना कुरआनात आहेच (सूरह अल-बकरह, आयत २८२). जुनी जीप घेऊन, दुरुस्त करून विकण्यासाठी भांडवल नसेल तर व्याजाने पैसा काढू नये. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, अशी मुदारबतची भागीदारी करता येते. नफ्याचे प्रमाण आधी लिहून ठरवावे. तोटा आला तर तो भांडवलदाराचा आणि कारागिराची मेहनत वाया जाते. मात्र कारागिराने हलगर्जीपणा केला असेल तर तो जबाबदार. त्यासाठी खर्चाची प्रत्येक पावती जपावी.

सुरुवातीला असे काम सावकाश होते आणि चार गिऱ्हाइके दुसरीकडे जातात. आमचीही गेली. परंतु ज्या बागायतदाराची गाडी शेलबारीत थांबली, तो आजही आमच्याकडेच येतो, कारण दुसऱ्या वेळी आम्ही त्याला चूक कुठे झाली ते खोलून दाखवले होते. तरुण कारागीर बांधवांनी हा क्रम कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीला लावावा. सर्वांत वर लिहावे : आधी चार बोल्ट पाहा. इन्शाअल्लाह, रोजीत बरकत होईल आणि घाटात कोणाचा गिअर निसटणार नाही.