बंदिस्त जागेतील सामने आणि प्रेक्षक मुले

धारणीकडे पावसामुळे कबड्डीचा सामना शाळेच्या सभागृहात घ्यावा लागला, की मुले रेषेला खेटून बसतात. लंडनच्या हॅरिंगे क्रीडागृहात बर्फावरील हॉकीची चकती लागून सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यास इजा झाली. १९५१ साली न्यायालयाने भरपाई नाकारली. तो धोका खेळातच अंगभूत मानला गेला. एवढ्याशा बालकाने तो केव्हा पत्करला, असे शिक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये नागपूरच्या क्रिकेट मैदानावर भिंत कोसळून प्रेक्षक दगावले. भिंत पडणे हा मात्र खेळाचा भाग नव्हे. ती आधी तपासणे आयोजकांचे कर्तव्य. यास्तव शिक्षकांनी भिंती-कठडे पाहून घ्यावेत, सामना संपेपर्यंत दारांच्या कड्या काढलेल्या असाव्यात, आणि पहिलीची मुले रेषेपासून दूर, परंतु खेळ दिसेल अशा बेताने बसवावीत.