‘सगळं करा’ म्हणण्याआधी

अतिदक्षता विभागाच्या दारात आम्ही डॉक्टर नातेवाइकांना विचारतो, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ आत पंच्याऐंशीचे आजोबा. कॅन्सर यकृतात पसरलेला, किडन्या बंद पडलेल्या. थोरला म्हणतो, ‘डॉक्टर, जे करता येईल ते सगळं करा.’ धाकटी लेक गप्प असते. नको म्हटलं तर ‘पैशाकडे बघितलं’ असं नातलग म्हणतील, ही धास्ती. आणि ज्यांना विचारायला हवं ते बेशुद्ध. हा प्रश्न अशा वेळी मुलांच्या गळ्यात पडणं मला अन्यायाचं वाटतं, त्यांच्यावरही आणि आजोबांवरही.

‘सगळं’ म्हणजे काय, ते ऐका. हृदय थांबल्यावर जोरानं छाती दाबावी लागते, त्यात म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या अनेकदा मोडतात. व्हेंटिलेटरची नळी घशात असल्यावर बोलता येत नाही. ती उपसू नये म्हणून काही वेळा हात बांधून ठेवतात. न्यूमोनिया झालेला एरवी धडधाकट माणूस याच यंत्रावरून उठून घरी जातो. त्याला ते लावायलाच हवं. पण मूळ आजारच हटणारा नसेल, तर यंत्र फक्त मरण लांबवतं.

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं जपलं. त्यांची स्वतःची इच्छा काय, हे मात्र कुणालाच कळू शकलं नाही. त्यांना शांतपणे मरू द्यावं म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये फेटाळली, पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायची वाट त्याच निकालानं मोकळी केली. २०१८मध्ये त्याच न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि ‘लिव्हिंग विल’, म्हणजे शेवटच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, मान्य केलं. २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी झाली.

आता या इच्छापत्रावर दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेतलं की पुरतं. कोणते उपचार नकोत आणि तुमच्या वतीनं कोण बोलेल, हे त्यात लिहायचं. ते कधीही बदलता येतं. तुम्हाला स्वतः ठरवता येत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल, तेव्हाच ते लागू होतं, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर. इंजेक्शन देऊन मरण आणणं कायद्यात बसत नाही आणि या कागदानं ते घडत नाही. दुखणं, धाप, तळमळ यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात. गरज पडली तर मॉर्फिनही.

कागदाआधी बोलणं हवं. ‘अभद्र बोलू नका’ म्हणून घरचे विषय टाळतील. तरी एकदा सगळ्यांना बसवून सांगाच. पुढच्या वेळी बीपी तपासायला जाल तेव्हा फॅमिली डॉक्टरांशीही बोला आणि त्या कागदाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.