हंगामाचे भाकीत आणि शाळेतील अंकगणित

चतुर्थीचे दिवस सरून पाऊस ओसरू लागला, की डिचोलीच्या बाजारात आणि पेडण्याच्या बसस्थानकावर दरवर्षी एका विषयास तोंड फुटते. यंदा एफसी गोवा कितव्या स्थानी राहणार? या संघाचे घरचे सामने होतात मडगावजवळ फातोर्ड्यास. तेथे पोहोचण्यास डिचोलीकरांना मांडवी व जुवारी या दोन नद्या ओलांडाव्या लागतात, पेडणेकरांना त्यांच्याही आधी शापोरा. तथापि भाकिते करण्याच्या उत्साहात आमचे हे दोन तालुके सासष्टीस हार जाणारे नव्हेत. ही भाकिते कशी केली जातात, ती कोठे फसतात आणि शाळेत शिकलेल्या अंकगणिताने ती थोडीबहुत सुधारतात काय, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. ‘आमचा संघ जिंको’ ही इच्छा झाली. ‘आमचा संघ पहिल्या तिघांत येईल’ हे भाकीत झाले. कारण हंगामाच्या अखेरीस ते खरे की खोटे हे कोणासही तपासता येते. ‘यंदा पोरे काहीतरी करून दाखवतील’ हे वाक्य मात्र कधीच खोटे ठरत नाही, आणि म्हणूनच ते निरुपयोगी होय. देवापुढे कौल लावताना देखील आपले वडीलधारे प्रश्न नेमका करून विचारतात. कारण मोघम प्रश्नास पाकळी काय उत्तर देणार? दशावतारी नाटकास बसलेल्या पेडण्याच्या प्रेक्षकाची गोष्ट निराळी. राक्षसाचा वध होणार हे त्यास आधीच ठाऊक असते. तो कसा होतो हे पाहण्यासाठी तो पहाटेपर्यंत बसतो. फुटबॉलमध्ये वध कोणाचा होणार हेच माहीत नसते.

चाहत्यांचे भाकीत बहुधा गेल्या वर्षाच्या आठवणीवर उभे असते. या आठवणीने मोठमोठ्यांस फसविले आहे. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा हंगाम आय-लीगचे विजेतेपद गोव्यातच राहिले : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. सातव्या वर्षीही ते गोव्यातच राहील असे कोणी म्हटले असते, तर त्यास वेडा कोण ठरवणार होते? परंतु २०१३-१४ चे विजेतेपद नेले बंगळुरू एफसीने, आणि त्या संघाचा तो पहिलाच हंगाम होता. आदल्या वर्षीचा विजेता चर्चिल ब्रदर्स त्याच हंगामाच्या शेवटी खालच्या श्रेणीत ढकलला गेला.

आता एफसी गोवाकडे वळू. इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ पर्यंत प्रथम साखळी सामने होत, आणि त्यांतील वरचे संघ पुढे चषकासाठी लढत. २०१४ च्या पहिल्या हंगामापासून २०२४-२५ पर्यंत साखळीतील या संघाची स्थाने क्रमाने अशी आहेत : २, १, ८, ३, २, १, ४, ९, ७, ३, २. विद्यार्थिमित्रांनी हे अकरा आकडे वहीत उतरून घ्यावेत. २०१५ मध्ये पहिला आलेला संघ २०१६ मध्ये आठांत आठवा, आणि त्याच्या पुढल्याच हंगामात पुन्हा तिसरा! २०१५ नंतर पेढे वाटणारे आणि २०१६ नंतर कपाळास हात लावणारे, दोघेही सारखेच फसले.

येथे दोन नियमांची परीक्षा घेऊ. पहिला नियम बाजारातला : गेल्या वर्षी जे स्थान, तेच यंदा. दुसरा नियम वहीतला : आजवरच्या सर्व स्थानांची सरासरी, तेच यंदाचे भाकीत. पहिल्या हंगामास मागचा आधार नसल्याने तो सोडून द्यावा, आणि उरलेल्या दहा हंगामांत भाकीत व प्रत्यक्ष स्थान यांतील अंतर मोजून त्याची बेरीज करावी. पहिल्या नियमाची एकूण चूक ३० भरते, म्हणजे दरसाल ३ स्थानांची. दुसऱ्याची सुमारे २५ भरते, म्हणजे दरसाल अडीच. सरासरी जिंकली खरी, पण फार मोठ्या फरकाने नव्हे. २०१६ आणि २०२१-२२ या दोन वर्षांनी तिलाही चांगलेच चकविले. तरी एवढे दिसून येते की, कालची आठवण ठळक असली तरी मागच्या सर्व वर्षांपुढे तिचे वजन कमी धरावे.

चषकाची गोष्ट याहून वेगळी, आणि आमच्या मते खरी गोम तेथेच आहे. या अकरा हंगामांत एफसी गोवा आठ वेळा उपांत्य फेरीत पोहोचला. अंतिम सामना त्याने दोनदा गाठला; २०१५ मध्ये फातोर्ड्यास तो चेन्नईयिनकडून ३-२ असा हरला, आणि २०१९ मध्ये मुंबईस बंगळुरूकडून जादा वेळेत १-० असा. चषक एकदाही हाती आला नाही. ‘या संघाच्या नशिबातच चषक नाही’ असे उद्गार आपण सर्वांनी ऐकले आहेत. ते तपासून पाहू. उपांत्य फेरीतले चारही संघ तुल्यबळ मानले, तर प्रत्येकास चषक मिळण्याची शक्यता १/४ आणि न मिळण्याची ३/४. आठही वेळा न मिळण्याची शक्यता काढण्यास ३/४ ला स्वतःने आठ वेळा गुणावे. उत्तर येते सुमारे १/१०. म्हणजे असे दहा संघ असते, तर त्यांतील एकाच्या वाट्यास केवळ योगायोगाने हेच आले असते. दैव आडवे आले, असे म्हणण्याजोगे यात काही नाही. तो दहावा संघ आपला निघाला, इतकेच. २०२४-२५ मध्ये साखळीत प्रत्येक संघास २४ सामने मिळाले. तेथे एखाद्या दिवशीची चूक पुढे भरून काढता येते. चषकाच्या दोन-तीन लढतींत तेवढी सवड नसते. यास्तव साखळीतील स्थानाचे भाकीत धीटपणे करावे, चषकाचे जपून.

काही गोष्टी कोणत्याच सरासरीत बसत नाहीत. २०१७ मध्ये आलेल्या स्पॅनिश कोरोमिनासचे नाव येथे किती जणांस ठाऊक होते? त्याने पहिल्याच हंगामात १८ आणि तीन हंगामांत मिळून ४८ गोल केले. २०२० च्या आरंभी संघ अग्रस्थानी असतानाच प्रशिक्षक लोबेरा यांना दूर करण्यात आले. तेव्हा अनेकांनी निराशेचे भाकीत केले. पण क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली त्याच संघाने जमशेदपूरला ५-० असे हरवून साखळी-विजेत्याची ढाल जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळविला.

आणि २०२५ साल तर सर्व भाकीतकारांची फजिती करण्यासाठीच उगवले होते की काय, कोण जाणे. कोण कितवा येणार याचा वाद चालू असतानाच जुलैत लीगच्या आयोजकांनी, हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटेपर्यंत, हंगामच लांबणीवर टाकला. मागील दोन वर्षांप्रमाणे सप्टेंबरात सामने सुरू होतील हे इतके गृहीत होते, की त्याविषयी भाकीत करण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. त्याच वर्षी सौदी अरेबियाचा अल् नस्र संघ आशियाई स्पर्धेसाठी फातोर्ड्यास यायचा होता. मग रोनाल्डो येणार, या एका भाकितावर सारा गोवा एकमत झाला. २२ ऑक्टोबरला अल् नस्र आला, रोनाल्डो आला नाही. अल् नस्र मोठ्या फरकाने जिंकणार असेही अनेकांनी धरले होते. ते जिंकले, पण २-१ असे. आणि गोव्याचा तो एक गोल केला इथल्याच मातीतल्या ब्रायसन फर्नांडिसने.