रेकॉर्डिंग अडखळतंय? आधी तेच मिनिट दोनदा पाहा

आईची दुपारची डुलकी आणि सह्याद्री वाहिनीवरचा तिचा आवडता कार्यक्रम नेमके एकाच वेळी येतात. म्हणून फ्री डिशच्या डब्याला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करायचं आणि संध्याकाळी ते कॉम्प्युटरवर बघायचं, ही जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या आमच्या घरातली रीत. गेल्या पावसाळ्यात चित्र अडखळायला लागलं. गाणारी बाई ऐन तानेत तोंड उघडं ठेवून थांबायची आणि तान मात्र पुढे निघून जायची. आईला वाटलं, तिचेच डोळे गेले.

नेपियर टाउनात पावलोपावली माणसांचे डॉक्टर. कॉम्प्युटरचा शोधायला जरा हिंडावं लागलं. मी कॉम्प्युटर उचलून एका दुकानात नेला. ‘‘अंकलजी, बहुत पुराना हो गया, नया ले लीजिए,’’ असं म्हणत त्यानं ₹26,000चा अंदाज कागदावर लिहून दिला. मशीन चालू करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. शेवटी मला खर्च आला ₹320, त्यातले ₹300 गच्चीवर चढणाऱ्याचे. हे गणित कसं जमलं, ते सांगतो.

कुठेही जाण्याआधी एक चाचणी घरीच करा. चित्र जिथे अडखळतं ती वेळ कागदावर लिहा, समजा 12 मिनिटं 40 सेकंद. मग मागे जाऊन तोच भाग पुन्हा लावा. पुन्हा त्याच ठिकाणी अडखळलं, चित्रात चौकोन किंवा हिरवे ठिगळ दिसले, तर फाइलच जखमी आहे. तुम्ही लाखाचा कॉम्प्युटर आणलात तरी तिथे तो ठेचकाळणारच. दर वेळी नव्या जागी अडखळलं, तर दोष कॉम्प्युटरकडे. दुसरी खूण कानाची. आवाज सुरळीत आणि चित्रच अडकतं, तर चित्र उलगडणारी यंत्रणा थकली आहे. दोन्ही एकदम थांबतात, तर फाइल वाचायलाच वेळ लागतोय. या दोन खुणा सांगितल्या की दुकानदाराची बोलायची पट्टीही बदलते.

माझ्याकडे दोन्ही दुखणी होती.

फाइलच्या दुखण्याचं मूळ बहुधा गच्चीवर असतं. फ्री डिशचे सिग्नल 93.5 अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-15 उपग्रहावरून येतात. जबलपूरहून ती जागा दक्षिणेकडून थोडी आग्नेयेला, बऱ्यापैकी उंचावर आहे. त्या दिशेला आंब्याची फांदी वाढली, माकडानं ताटलीला लोंबकळून ती दोन बोटं हलवली किंवा केबलच्या टोकाची पिन गंजली की सिग्नलचे तुकडे गळतात. जोराच्या पावसात तर ते गळतातच. टीव्हीवर थेट बघताना एवढासा झटका आपण विसरून जातो. रेकॉर्डिंगमध्ये तो कायमचा कोरला जातो. डब्याच्या मेनूत सिग्नलची ‘क्वालिटी’ दिसते, ती कोरड्या दिवशीही वरखाली नाचत असेल तर ताटलीवाल्याला बोलवा. घरी येण्याचे साधारण ₹200 ते ₹400, पिना दहा-वीस रुपयांना एक, एलएनबी, म्हणजे ताटलीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, बदलावा लागला तर ₹200 ते ₹350. माझ्याकडे दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. आधी पिना बदलून बघायला सांगा. एलएनबी पहिल्याच फटक्यात ‘खराब’ ठरवणारेही भेटतात.

दुसरा संशयित पेन ड्राइव्ह. साध्या वाहिनीचं चित्र सेकंदाला 4 मेगाबिटच्या आसपास धरलं तर तासाला सुमारे 1.8 जीबी होतात. एवढं वाचणं कोणत्याही पेन ड्राइव्हला जड नाही, लिहिणं मात्र जुन्या, झिजलेल्याला जड जातं. मग डबा टाकतो ते सगळं त्याच्या पोटात जात नाही. चांगल्या कंपनीचा 64 जीबीचा ₹400 ते ₹700ला मिळतो. रस्त्यावरच्या टोपलीतला ‘1 टीबी ₹300’ घेऊ नका, तो आतून रिकामाच असतो. आणखी एक गंमत म्हणजे फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही. म्हणून दोन तासांच्या पुढचं रेकॉर्डिंग दोन तुकड्यांत पडतं आणि सांध्यावर उडी दिसते. ती बिघाड नव्हे.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या डब्यावरचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कुलूपबंद असतं, ते त्याच डब्यावर चालतं. कॉम्प्युटरवर ते लागत नाही म्हणून कोणी सॉफ्टवेअर विकायला बघितलं तर हात जोडा आणि बाहेर पडा.

आता कॉम्प्युटर. इथे पहिले चार उपाय फुकट आहेत. फाइल पेन ड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर कॉपी करून लावा. व्हीएलसी प्लेअर नसेल तर उतरवून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. त्याच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट/कोडेक्स’खाली हार्डवेअर डिकोडिंगचा पर्याय आहे. तो चालू असेल तर बंद करून बघा, बंद असेल तर चालू. माझ्या जुन्या ग्राफिक्सला तो झेपत नव्हता, बंद करताच तान सुरळीत झाली. आणि त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा पाहा. तो 100 टक्क्यांवर चिकटलेला असेल तर मागे अँटिव्हायरस किंवा विंडोजचं अपडेट चरत बसलेलं असतं. त्याचं संपेपर्यंत चहा घ्या.

एक प्रकार दुरुस्तीवालेही ओळखत नाहीत. टीव्हीचं चित्र अर्धं-अर्धं येतं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. सेकंदाला अशी 50 अर्धी चित्रं. कॉम्प्युटरनं ती नीट विणली नाहीत तर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ चालू करा. ‘याडिफ’ जड वाटलं तर ‘लिनिअर’ किंवा ‘बॉब’ निवडा. शिवाय आपले मॉनिटर बहुधा सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवतात आणि आपला टीव्ही 25 चित्रांच्या हिशेबावर चालतो. 60ला 25नं भागलं की 2.4 येतात, म्हणून एक चित्र दोनदा तर एक तीनदा दिसतं. बातम्यांची खालची सरकपट्टी म्हणूनच लंगडत जाते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ मिळत असेल तर ते ठेवा. नसेल तर हे लंगडणं सोसा, त्यासाठी नवा मॉनिटर घेण्यात अर्थ नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर पाकीट उघडा, पण क्रमानं. जबलपूरचा मे महिना आणि पंख्यावर बसलेली दहा वर्षांची धूळ, यात प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी नीट, दुपारी अडखळतं, असं असेल तर हेच. सफाई आणि नवी थर्मल पेस्ट यांचे ₹300 ते ₹600. डिस्क फिरतीची असेल तर 256 जीबीची एसएसडी साधारण ₹2,000 ते ₹3,500 आणि जुनं सगळं त्यावर उतरवून देण्याची मजुरी ₹300 ते ₹500. रॅम आणि एसएसडीचे भाव अलीकडे बरेच चढले आहेत, तेव्हा मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये दोन-तीन गाळे फिरून मगच घ्या. ग्राफिक्स कार्ड साध्या वाहिनीच्या रेकॉर्डिंगसाठी घेऊच नका.

नवा कॉम्प्युटर विकताना हमखास पुढे येतं ते विंडोज 10चं कारण. त्याचं नियमित अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबलं, हे खरं. बँकेचे व्यवहार करत असाल तर त्याचा विचार करा. पण निव्वळ रेकॉर्डिंग बघायचं असेल तर इंटरनेट काढून ठेवा, तोच कॉम्प्युटर चालतो.

मशीन दुकानात ठेवताना आत काय-काय आहे, ते पावतीवर लिहून घ्या: रॅम किती, डिस्क कोणती. जुना काढलेला भाग परत मागा. 18 टक्के जीएसटी धरून भाव सांगताय की वेगळा, हे आधीच विचारा. बिल नसेल तर वॉरंटीही नसते, मग तोंडी कितीही ‘पूरा साल’ म्हणू देत. वाजलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. मोजलेली रक्कम ₹5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही.

पावसाळ्यातली ती जुनी फाइल अजून माझ्याकडे आहे. गळलेले तुकडे कोणत्याही प्रोग्रॅमनं परत येत नाहीत. ‘रिपेअर’चे ₹500 मागणारा एक भेटला होता, त्यालाही ते जमलं नसतं. तानेच्या जागी चौकोन आले की आई आता स्वतःच ती पुरी करते आणि चित्र सुरळीत झालं की गप्प बसते.